फाटकावर पायी माणूसही मोजा



शिरूर अनंतपाळला रेल्वे नाही, मग फाटकाचं बोलणं इथं कशाला, असं कुणी विचारेल. पण आपली मुलं शिकायला उदगीर-लातूरला जातात, कामाला पुण्या-हैदराबादला. रूळ ओलांडायची वेळ प्रत्येकावर येते.

२४ जुलै २०१४ ला तेलंगणातल्या मसाईपेटच्या फाटकावर शाळेची बस रेल्वेखाली सापडली आणि त्यात लहान मुलं गेली. ती गाडी नांदेडहून सिकंदराबादला जाणारी पॅसेंजर होती. फाटकावर गेटमन नव्हता. पुढं जानेवारी २०१९ पर्यंत रेल्वेनं ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं संपवली. कुठं गेटमन आला, कुठं भुयारी मार्ग झाला, कुठं रस्ताच बंद झाला.

तरी माणसं मरायची थांबली नाहीत. डॉ. अनिल काकोडकर समितीनं २०१२ मध्ये सांगितलं होतं की रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५,००० लोक मरतात. त्यातले बहुतेक पायी चालणारे.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून आधी हिशेब बघतो. फाटकावर उड्डाणपूल हवा का, हे ठरवताना रोजच्या रेल्वेगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, असा आकडा काढतात. समजा २० रेल्वेगाड्या आणि ५,००० वाहनं, तर आकडा एक लाख. आता त्याच फाटकावरून शाळेची दोन हजार पोरं पायी जात असतील, तर आकडा किती? एक लाखच. पायी माणूस या गुणाकारात धरलेलाच नाही.

म्हणून पूल होतो तो मोटारीसाठी. पूल झाला की फाटक बंद. मग डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईनं किंवा सायकलवरच्या पोरानं तो लांब चढ चढायचा. ते चढत नाहीत, भिंतीतल्या फटीतून रूळ ओलांडतात. भुयारी मार्ग केला, तर पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि रात्री अंधार.

तर आपण काय करायचं? ज्या फाटकावरून तुम्ही रोज जाता, तिथं चौघांनी मिळून एक दिवस सकाळी-संध्याकाळी मोजा: पायी किती, सायकली किती, त्यात शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं किती. तो कागद ग्रामसभेच्या किंवा नगरपंचायतीच्या ठरावासोबत रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला आणि खासदारांना द्या. मागणी नेमकी ठेवा: पायी लोकांसाठी वेगळा जिना-रॅम्प, भुयारात पाणी उपसायची सोय आणि दिवे, रुळांमधला रस्ता सपाट. मागणी सगळ्या वस्तीची असू द्या. रूळ कुणाची जात-धर्म विचारत नाही. उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

तोवर जीव सांभाळा. ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. अर्ध्या किलोमीटरवर दिसली, तर हातात १८ सेकंद. ब्रेक लावला तरी ती तेवढ्यात थांबत नाही. फाटकाखालून वाकून जाऊ नका, कानातले हेडफोन काढा. एक गाडी गेली की दुसऱ्या रुळाकडं बघा. सायकल तिरकी घातली तर चाक रुळाच्या फटीत अडकतं. उतरून सरळ ढकलत न्या.

वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणं हा आपल्याकडं ईमानचाच एक भाग मानला आहे. काट्यासाठी वाकतो, तर फाटकासाठी एक अर्ज लिहायला काय हरकत आहे?