लोड येतो, लोड घेतो

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘लोड’ असा लिहिलाय. आत येताना एका काकांनी मला थांबवून विचारलं, ‘‘बैठकीतला की तारेतला?’’ (हशा) प्रश्न रास्त आहे. पाठीला टेकायचा लोड आपल्याकडे होताच, इंग्रजी लोड मागाहून आला, आणि दोघं एकमेकांना धक्का न लावता मराठीत नांदताहेत. गंमत म्हणजे इंग्रजीतही हा शब्द मुळात ओझ्याचा नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणं असा होता. वाट दाखवणाऱ्या ध्रुवताऱ्याला ‘लोडस्टार’ म्हणतात ते त्यामुळेच.

सावरकरांची भाषाशुद्धी, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हे सगळं या सभागृहाला ठाऊक आहे, त्यात मी जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की तांत्रिक शब्द आपला झाला की नाही हे त्याच्या क्रियापदावरून ओळखावं. मी पस्तीस वर्षं तंत्रनिकेतनात वीज शिकवली. तिथल्या मराठी टिपणांत ‘मोटारीचा भार’ असं असायचं. पण शेतावर जा. तिथे मोटारीवर लोड ‘येतो’, मोटार लोड ‘घेते’, आणि जुनी झाली की लोड ‘घेत नाही’. या तीन क्रियापदांत जेवढं यंत्रशास्त्र आहे, तेवढं त्या षष्ठीच्या प्रत्ययात नाही.

हे मला कुठे कळलं ते सांगतो, दोन मिनिटांत.

आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक पंप होता. उन्हाळाभर तो वरच्या मळ्याला पाणी चढवायचा, एकदाही कुरकुरला नाही. पाऊसकाळ चांगला झाला. दिवाळीनंतर रब्बीचं पाणी सुरू केलं तेव्हा विहिरीचं पाणी पंपाच्या हातभर खाली होतं, आणि भिजवायचं होतं विहिरीलगतचंच वावर. म्हणजे मोटारीला आरामच, असं आम्ही सगळेच समजत होतो. पण स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी वैतागून तो सुतळीने आवळून टाकला. तासाभरात जळक्या वॉर्निशचा वास बांधापर्यंत आला.

रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी मोटार उघडली. मी शेजारी उकिडवा बसलो होतो. तांब्याची सगळी वेटोळी सारखीच काळी पडली होती. मिस्त्री म्हणाले, ‘‘फेज गेला असता तर एखाददुसराच गट जळाला असता. इथे सगळे सारखे करपलेत. अण्णा, लोड आलाय.’’ अण्णा चिडले. ‘‘विहीर तुडुंब, वावर पायाशी, लोड कसला येतोय?’’

मोटार भरून आली, बसवली. स्टार्टरवरचा काटा साडेनऊ अँपिअरवर गेला, पाटीवर साडेसात लिहिलेले असताना. मिस्त्रींनी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू दाबायला सुरुवात केली. अण्णा ओरडले, ‘‘अहो, तोंड दाबलं की अजून जोर लागेल!’’ आणि काटा खाली आला. साडेआठ, आठ, सात. अण्णा काट्याकडे बघत राहिले, मीही. माझी पदविका तेव्हा हातात होती.

अशा पंपात पंखा पाणी गरगर फिरवून बाहेर फेकतो. पाणी जितकं जास्त जाईल तितका लोड जास्त. उंच चढवायचं होतं तेव्हा पाणी कमी जात होतं. चढ गेला, पाणी सुसाट सुटलं, आणि तो सगळा लोड मोटारीवर आला. पाटीवरचे पाच हॉर्सपॉवर हे मोटारीला बाधल्याशिवाय किती सोसेल त्याचं माप. लोड मात्र पाण्याचा होता, मोटारीचा नव्हताच. आणि प्रवाह सव्वापट झाला की तारेतली उष्णता दीडपटीहून वाढते, म्हणून वॉर्निश जळतं.

(या ठिकाणी अध्यक्षांनी घड्याळाकडे लक्ष वेधले.) हो, हो. दोन मिनिटांची दहा झाली, पण हाच माझा पुरावा आहे.

गेल्या वर्षी एका ठिकाणी मी हे बोललो तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, तुम्ही इंग्रजीची वकिली करता. मुळीच नाही. ‘भार’ हा देखणा शब्द आहे, वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापतात तेही मला मान्य आहे. माझं भांडण ‘भारनियमना’शी आहे. मुळात लोडशेडिंग म्हणजे पुरवठा अपुरा पडला म्हणून काही गिऱ्हाइकांना सोडून देणं. भारनियमन म्हटलं की कोणी तरी शिस्त लावतंय असं वाटतं, आणि कोणाला सोडलं हा प्रश्नच दिसेनासा होतो. लोकांनी तो कारभार आठ आठ तास सोसला आणि साध्या मराठीत म्हणाले, ‘लाइट गेली’. गेली, हे खरं क्रियापद.

कोयनेबद्दलही बोलायचं होतं, ते घाईत सांगतो. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हा लोड येतो, जनित्रं किंचित मंदावतात, पन्नासची वारंवारिता खाली सरकू लागते. अशा वेळी कोयनेचे 1,960 मेगावॅट कामाला येतात, कारण पाण्यावरची जनित्रं काही मिनिटांत लोड घेतात. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून उभं राहायला कित्येक तास लागतात. स्लॅबवरचा लोड आज राहिला.

चिठ्ठी आलीच आहे, तेव्हा एका तोंडी परीक्षेची आठवण सांगून थांबतो. परगावाहून आलेला, शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. बाह्य परीक्षकांनी पुस्तकी इंग्रजीत विचारलं, व्हॉल्व्ह बंद करत नेला तर मोटारीच्या प्रवाहाचं काय होईल? तो घाबरला, म्हणाला, वाढेल. मी परवानगी घेऊन विचारलं, ‘‘बाळ, मोटारीवर लोड कशाचा येतो रे?’’

‘‘पाण्याचा, सर,’’ तो म्हणाला. मग थांबला, हवेतच चाक फिरवल्यासारखा हात केला. ‘‘पाणी कमी केलं तर... कमी होईल, सर. मघाशी चुकलं.’’