पाकिटं सगळ्यांसमोर फोडा
(ग्रामसभांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या तेंदूपत्त्याचंच बघा. 2013 पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा स्वतः पत्ता विकायला लागल्या. पेपरात जाहिरात दिली, ठेकेदारांची पाकिटं मागवली, लोकांसमोर फोडली. कुणी किती भाव लावला ते म्हाताऱ्या बाईलाही कळलं. आपल्याला अडाणी म्हणतात, पण हे आपण केलं.

आणि सरकारी विकास महामंडळं काय मागतात? निविदेतून सूट! म्हणे मागास भागात काम लवकर करायचंय, निविदेत वेळ जातो. शेजारच्या कर्नाटकात सरकारी खरेदीच्या पारदर्शकतेचा 1999 चा कायदा आहे. त्याच कायद्यात 4 (जी) नावाची खिडकी आहे. सरकारने अधिसूचना काढली की ती खरेदी निविदेबाहेर. तिथल्या ग्रामीण पायाभूत विकास महामंडळाला, म्हणजे जुन्या लँड आर्मीला, याच वाटेने थेट कामं मिळत आली. पूर आला, आपत्ती आली तर घाई आम्हालाही समजते. पण त्यासाठी त्या कायद्यात वेगळी सूट आहेच. मग समाजमंदिराला आणि नालीला कसली घाई?

निविदा काढली म्हणजे चोरी थांबली, असं आम्ही म्हणत नाही. तीन पाकिटं एकाच घरातून येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी जाहिरात निघाली की कामाचं माप, रक्कम, मुदत कागदावर येते आणि तो कागद आपण मागू शकतो. सूट दिली की सगळं महामंडळ आणि ठेकेदार यांच्यातच राहतं. महामंडळाचा साहेब काही स्वतः फावडं घेऊन येत नाही!

याहून वाईट पुढे आहे. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे गावपंचायतीला खर्चाचा विनियोग दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. पैसा पंचायतीऐवजी महामंडळातून गेला, की उत्तर तयार असतं, ‘हा पंचायतीचा पैसा नाही.’ म्हणजे निविदाही गेली, दाखलाही गेला.

म्हणून योजना मंजुरीला येईल तेव्हाच ठरावात अटी लिहा. अंदाजपत्रक मराठीत गावात लावा, काम कुणाला कोणत्या दराने दिलं ते सांगा, मोजमाप आमच्यासमोर घ्या. अटी मान्य नसतील तर मंजुरी पुढच्या सभेवर ठेवा. ठरावाची एक प्रत गावाच्या फाइलला लावा, दुसरी कचेरीत द्या आणि शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.