छायाचित्रांची कोठारे आणि त्यांतील शोध

श्रोत्यांनी क्षणभर एखादे मोठे ग्रंथालय डोळ्यांपुढे आणावे. कपाट कोणते, हे एका वहीत पाहावयाचे. कपाटातील जागा दुसऱ्या वहीत. मग प्रत्यक्ष पुस्तक. वाचक एकच असेल तर हा हेलपाटा जाणवत नाही. दर सेकंदाला दहा लाख वाचक दारी आले, तर मात्र वह्या चाळण्यातच ग्रंथपाल थकून जावयाचा.

अमेरिकेतील फेसबुक कंपनीपुढे असाच पेच उभा राहिला. तिच्या अभियंत्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कोठारातील प्रतिमांची संख्या २६० अब्जांहून अधिक दिली आहे. प्रत्येक छायाचित्राच्या लहानमोठ्या चार प्रती तीत धरलेल्या होत्या. आरंभी प्रत्येक प्रतिमा फाइल सर्व्हरवर स्वतंत्र फाइल म्हणून ठेवीत. एकाच कप्प्यात अशा हजारो फाइली साठल्या, की एक चित्र काढण्यास डिस्ककडे दहाहून अधिक खेपा पडत. कप्पे लहान केले, तरी तीन उरल्याच. फाइलीचा मालक कोण, ती वाचण्याची मुभा कोणास, असल्या नोंदी डिस्कवरून वाचाव्या लागत. आणि छायाचित्राला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य!

लोकप्रिय चित्रे वेगवान स्मृतीत हाताशी ठेवता येतात. पण जुनी, क्वचितच कोणी मागणारी चित्रे? त्या मागण्या एकेकट्या विरळ, एकत्रित मात्र अफाट. खरी अडचण आकाराची नव्हती, शोधाची होती.

यावरील उपायाला अभियंत्यांनी ‘हेस्टॅक’, म्हणजे गवताची गंजी, असे मार्मिक नाव दिले. सुमारे १०० गिगाबाइटांच्या एकाच फाइलीत असंख्य प्रतिमा एकापुढे एक रचावयाच्या. कोणती प्रतिमा कोणत्या गंजीत, ही नोंद डेटाबेसकडे. गंजीतील तिचे नेमके स्थान सर्व्हरच्या मुख्य स्मृतीत. सामान्य फाइलीची नोंद पाचशेहून अधिक बाइट व्यापी. येथे प्रतिमेमागे सुमारे दहा पुरतात. त्यामुळे सर्व नोंदी स्मृतीत मावतात आणि डिस्ककडे बहुधा एकच खेप पडते.

मात्र या रचनेत पुसणे म्हणजे केवळ खूण करणे होय. वर्षभरात सुमारे चतुर्थांश छायाचित्रे पुसली जातात, असे तोच निबंध सांगतो. मागणाऱ्याला ती मग मिळत नाहीत, हे खरे. परंतु खूण केलेल्या प्रतिमा वगळून गंजीची नवी प्रत तयार होईपर्यंत, धन्याने टाकून दिलेले ते चित्र डिस्कवर जागच्या जागी असतेच.