आधी ब्रीद, मग पेशा

(सांगली येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, 'पुढे काय?' त्याचे उत्तर आपण बहुधा टक्केवारी, शुल्क आणि पगार यांच्या हिशेबाने शोधतो. हा हिशेब करूच नये, असे मी म्हणणार नाही. ज्या घराला कर्जाचा हप्ता भरायचा आहे, त्याने पगाराचा विचार करणे हा काही दोष नव्हे. परंतु हिशेबाला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरलेली असावी लागते. मी कशासाठी झीज सोसायला तयार आहे, आणि कोणती गोष्ट कितीही मोबदला मिळाला तरी करणार नाही? आपल्या भाषेत यालाच 'ब्रीद' म्हणतात. ते समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या सांगली-सातारा परिसरात कर्तृत्व गाजवलेली दोन माणसे त्यासाठी पुरेशी आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मधला, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण आपल्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही, हे लक्षात आले आणि ती वाट बंद झाली. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. तेथूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर जन्माला आले.

लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत. त्यामुळे नांगर विकला जाईना. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या, निवडुंगाने व सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर तेथे पहाऱ्याची जबाबदारी विश्वासाने सोपवली गेली.

चित्रकलेचा विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार, कारखानदार... पेशा इतक्या वेळा बदलला. मात्र यंत्र नीट समजून घ्यावे आणि आपल्या लोकांच्या उपयोगाची वस्तू आपल्याच मातीत घडवावी, ही ओढ कायम राहिली. एखादा अभ्यासक्रम हुकला म्हणून आयुष्य हुकले, असे मानणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

याच किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकणारा एक तरुण होता. त्याचे नाव भाऊराव पाटील. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घराणे मूळचे आपल्या वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करायला त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. त्या बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांचा पोलिसांनी छळ केला. ज्याच्यामुळे आपल्याला वसतिगृह सोडावे लागले, त्याच्यावर सूड उगवण्याची संधी समोर होती. भाऊरावांनी छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

मित्रांनो, माणसाचे मूल्य कळते ते अशा वेळी. 'मला प्रामाणिकपणा आवडतो' असे वहीत लिहून ते कळत नाही. आम्हा पत्रकारांनाही बातमी न छापण्याचा मोबदला देऊ करणारे भेटतात, आणि त्या घटकेला आपण कोण आहोत ते ज्याचे त्याला समजते. म्हणून व्यवसाय निवडताना स्वतःला विचारा: आजवर मी कशाला 'नाही' म्हटले, आणि त्याची काय किंमत मोजली?

ओगले काचकारखान्याचा माल, किर्लोस्करांचे नांगर आणि नंतर साताऱ्याच्या कूपर कारखान्याचे काम, अशी भाऊरावांची भटकंती चालू होती. ती वाया गेली नाही. खेड्यातला शेतकरी अज्ञानापायी कसा नागवला जातो, हे त्यांनी या फिरतीतच पाहिले. ही धावपळ चालू असतानाच १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय. 'कमवा आणि शिका' या मार्गाने असंख्य गरीब मुले शिकली.

तथापि, या गौरवगाथेत एक नाव मागे राहते. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ध्येय एकाचे असते, पण त्याची किंमत सारे घर मोजते. म्हणून तरुणांनो, ध्येयाच्या नावाखाली घरच्यांना गृहीत धरू नका. त्यांच्यासमोर बसा, किती वर्षे आणि किती ओढ सोसावी लागेल, ते स्पष्ट सांगा. आणि पालकहो, मुलगी किंवा मुलगा असे काही सांगू लागला, तर 'लोक काय म्हणतील' हे उत्तर देऊन संवाद संपवू नका.

प्रत्येकाने नोकरी सोडावी, असा याचा अर्थ नाही. तलाठ्याच्या दप्तरात, बँकेच्या खिडकीपाशी, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरही ब्रीद पाळता येते. उसाच्या गाडीचे वजन अचूक नोंदवणारा माणूस समाजाची लहान सेवा करत नाही. नोकरी टिकवून करता येण्याजोगे काम आधी सुरू करा. भाऊरावांनीही तसेच केले. मात्र ज्या दिवशी ती नोकरीच खोटी साक्ष मागेल, त्या दिवशी काय करायचे, हे आजच घरी बसून ठरवा. ऐन वेळी ठरवू म्हणणाऱ्याच्या वतीने बहुधा भीतीच निर्णय घेते.