घरात माणसं किती?

१९८८ साली आलेला ‘अशी ही बनवाबनवी’ तुम्ही पाहिला असेलच. एकदा नव्हे, चार-पाचदा. सचिन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि वसंत सबनीसांनी लिहिलेल्या या चित्रपटाची कथा तशी उसनी. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून ती घेतलेली. पण पुण्यात येऊन ती अशी रुळली, की परकी वाटेनाच. चार तरुणांना जागा हवी आहे आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर जागा देणार ती फक्त जोडप्यांना. मग चौघांतले दोघे साडी नेसतात. त्यांतला परशुराम, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, ‘पार्वती’ होतो आणि पुढे त्या पार्वतीचे डोहाळजेवणही होते. आपण पोट धरून हसतो.

मी मात्र तिथे जरा कमी हसतो. का, ते सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी बल्लारपुरास नोकरीसाठी आलो, तेव्हा पत्नीला तिसरा महिना होता. कागदगिरणी, कोळशाच्या खाणी, रेल्वेचे जंक्शन यांमुळे बाहेरून आलेल्यांचे हे गाव. खोल्या पुष्कळ, तशी मागणारी माणसेही पुष्कळ. पहिल्या तीन घरी मी खरे ते सांगितले आणि तिन्ही ठिकाणी बोलणे तिथेच थांबले. लेकराचा कोणाला राग नव्हता हो! प्रश्न पाण्याचा होता. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांवर चढतो, नळाची धार बारीक होते. आणि बाळंतिणीच्या घरी तर दुपटी धुवायला बादल्यांवर बादल्या लागतात.

चौथ्या घरी काकूंनी विचारले, “घरात माणसं किती जी?”

मी म्हणालो, “दोघंच.”

पत्नीने पदर सारखा केला आणि खाली पाहिले.

पडद्यावर नसलेल्या बाळाचे डोहाळे पुरवले गेले. आम्ही असलेले बाळ लपवले. दीड महिना ही आमची बनवाबनवी चालली. ओकारीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती नळ सोडून ठेवी. म्हणजे ज्या पाण्यापायी खोटे बोललो, तेच वाया जात होते!

एके सकाळी काकू आंबाडीची भाजी आणि भाकर घेऊन आल्या. पत्नीला म्हणाल्या, “नळ बंद करत जा वं माय. मले पहिल्याच दिवशी समजलं होतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खोटं कायले बोलले जी, मास्तर?”

मला उत्तर सुचले नाही. तीन दारांचा नकार मी चौथ्या दारालाही चिकटवला होता. काकूंना बोलायची संधीच दिली नव्हती. त्या घरात आम्ही चार वर्षे राहिलो.

तुमच्याकडे भाड्याची खोली असेल, तर माणसे किती, हे जरूर विचारा. पण विचारताना दारात उभ्या असलेल्या बाईकडेही एकदा बघा आणि म्हणा, “पाण्याचं काय ते बघू.” तेवढ्याने एखाद्या घरची बनवाबनवी टळेल.