कागदाचं रॉकेट, पण मापाचं

आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी रॉकेटबद्दल बोलणार आहोत. हसू नका. लोणची-पापडाएवढाच हा विषयही आपल्या घरातला आहे.

दिवाळी सरली की पोरं काय करतात, ते आपल्याला ठाऊक आहे. न फुटलेले फटाके वेचायचे, त्यांतली दारू काढायची, डबीत नाहीतर पाइपात ठासायची आणि म्हणायचं, रॉकेट केलं. ही दारू ठासतानाच पेटू शकते. बोटं जातात, डोळे जातात. आम्ही गटात बोललो तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, की नुसतं ‘नको’ म्हणून भागायचं नाही. पोरांना उडणारं हवं असतं, तर आगीशिवाय उडणारं द्यावं. आणि ते मापाचं असावं, म्हणजे खऱ्या रॉकेटची हुबेहूब लहान प्रतिकृती.

आम्ही निवडलं आपल्या देशाचं एसएलव्ही-3. याच रॉकेटने 18 जुलै 1980 रोजी श्रीहरिकोटाहून ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेला. प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. रॉकेट चार टप्प्यांचं, चारही टप्प्यांत घन इंधन. अशा घन इंधनावर वसंत गोवारीकरांनी मोठं काम केलं. रॉकेटची उंची 22 मीटर, खालच्या टप्प्याची जाडी 1 मीटर, वजन 17 टन.

आता हे लहान किती करायचं? ते आम्ही पाइपावरून ठरवलं. नळाचा अर्धा इंची पाइप बाहेरून साधारण 21 मिलिमीटर जाड असतो. त्यावर सैलसर कागद गुंडाळला की नळी होते जवळपास 23 मिलिमीटरची. खरं रॉकेट 1 मीटर जाड, म्हणजे आपलं 44 पटींनी लहान. मग उंचीही 44 पटींनीच लहान हवी. 22 मीटर भागिले 44, म्हणजे बरोबर अर्धा मीटर. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. मोठ्या मापाच्या ब्लाउजवरून लहान मुलीचा बेतताना नुसती उंची कमी करून चालत नाही, गळा, मुंढा, बाही सगळं हिशेबात यावं लागतं. बाकीची मापं चित्रावरून घ्या. चित्रातलं रॉकेट 10 सेंटिमीटर उंच असेल, तर त्यातलं प्रत्येक माप पाचपट करा.

बांधायला झेरॉक्सचा कागद आणि खळ पुरते. खालचा टप्पा पाइपावर गुंडाळायचा, दोन पदर द्यायचे, सुकू द्यायचा. तो पाइपावरून सहज सरकला पाहिजे. त्याचं वरचं तोंड पुठ्ठ्याच्या चकतीने घट्ट बंद करायचं, हवा निसटता कामा नये. त्यावर जरा बारीक नळ्यांचे वरचे टप्पे आणि शेवटी टोक. टोक बोथट ठेवा. तार, खिळा, टाचणी काहीही लावू नका.

इथे एक अडचण येते. खऱ्या एसएलव्ही-3 चे तळाचे पंख लहान आहेत, कारण उडताना ते स्वतःची दिशा स्वतः सांभाळतं. आपल्या कागदाला ती अक्कल नाही. हुबेहूब लहान पंख लावले तर ते हवेत कोलांट्या खाईल. मग मापाचं ठेवायचं की उडणारं? जगभरचे हौशी लोक यावर एक युक्ती करतात, तीच आम्ही केली. मापाचे पंख कागदाचे लावले आणि त्यांच्या मागे साडीच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणाचे मोठे पंख चिकटवले. लांबून ते दिसत नाहीत. शिवाय टोकात शाडूची छोटी गोळी बसवली. वजन पुढे आणि वाऱ्याचा जोर मागे पडला, की रॉकेट बाणासारखं सरळ जातं.

उडवण्याआधी परीक्षा घ्या. रॉकेट बोटावर तोलून मध्य शोधा, तिथे दोरा बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. टोक पुढे राहिलं तर उडवा. आडवं झालं तर शाडू थोडी वाढवा, पुन्हा फिरवा. पोरी कंटाळल्या तर त्यांना सांगा, की 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 चं पहिलं उड्डाण फसलं होतं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात बिघाड झाला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. माणसांनी बिघाड शोधला, दुरुस्त केला, आणि वर्षाच्या आत पुन्हा उड्डाण केलं.

उडवायला दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या. तिच्या तोंडाला पाइप चिकटपट्टीने घट्ट जोडा, एल्बो लावून दुसरं टोक उभं करा, त्यावर रॉकेट चढवा. पाच, चार, तीन, दोन, एक म्हणा आणि बाटलीवर दणकन पाय द्या. बाटलीतली हवा रॉकेटला वर फेकते. मैदान मोकळं हवं, वर विजेच्या तारा नकोत. पाइपावर कुणी वाकू नये, बाकीच्यांनी दहा पावलं लांब उभं राहावं. बाटली पुन्हा फुगवताना पाइपाला तोंड लावू नका, मूठ धरून मुठीतून फुंका. बाटली चिरली की बदला.

किती उंच गेलं, तेही मोजता येतं. कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला बटण बांधा. एकीने पाइपापासून 10 मीटरवर उभं राहायचं. रॉकेट सर्वांत उंच असताना तिची नजर 45 अंशांवर गेली, तर ते तिच्या डोळ्यांपासून 10 मीटर वर गेलं. त्यात जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मिळवा. कोन वेगळा आला तर वहीत 1 सेंटिमीटरला 1 मीटर धरून त्रिकोण काढा आणि पट्टीने मोजा. पुन्हा तेच, मोठ्याचं लहान करणं.

एक विनंती आहे. बाटलीवर पाय द्यायला मुलगे पुढे येतील आणि कागद कापायला मुली बसतील. तसं होऊ देऊ नका. पाळी लावा. मोजणं, चिकटवणं, पाय देणं, कोन बघणं, सगळ्यांनी सगळं करायचं. आणि पोरं पुन्हा दारू वेचताना दिसली, तर रागावण्याआधी पाइप आणि बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवा.

पुढच्या बैठकीत करून बघा. रामराम.