हनुवटीचं ऑपरेशन : आधी विचारा, मग ठरवा

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी. मागच्या वेळी आपण गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून कुणी हसेल, कुणी म्हणेल, हे तर शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ. पण हा विषय आपल्याच एका गटाच्या बैठकीतून आला आहे. नाव-गाव सांगत नाही. त्या मुलीला विचारूनच बोलते आहे.

बैठकीत एका मावशींनी चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहिलं, घरदुरुस्ती. बैठक संपली आणि त्यांची मुलगी माझ्यामागे रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, आईनं खोटं लिहिलंय. पैसे माझ्या हनुवटीसाठी हवेत." मुलगी चोवीस वर्षांची, शिवणकामात हुशार. तीन स्थळं येऊन गेली. तिसऱ्या वेळी पाहुण्यांतली एक बाई चहा पिता पिता सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी बरी आहे, पण हनुवटीच नाही." तेव्हापासून ती ओढणी तोंडाशी धरून बोलायला लागली. मोबाईलवर तिनं ऑपरेशनच्या आधीचे-नंतरचे फोटो पाहिले. तालुक्याच्या एका पार्लरमध्ये तर तिला सांगितलं, "ऑपरेशन कशाला? दोन इंजेक्शनं घे, काम झालं."

मी तिला रागावले नाही. आरशात बघून वाईट वाटणं हा काही गुन्हा नाही. पण मलाही यातलं काही माहीत नव्हतं. म्हणून ती, तिची आई आणि मी, अशा आम्ही तिघी एसटीनं सरकारी दंत महाविद्यालयात गेलो आणि जबड्याच्या सर्जन डॉक्टरांना भेटलो. तिथे जे समजलं ते तुम्हाला सांगते.

हनुवटी पुढे आणायच्या ऑपरेशनचे मुख्य दोन प्रकार आहेत. एकात सिलिकॉनसारख्या पदार्थाचा तयार तुकडा हनुवटीच्या हाडावर बसवतात. दुसऱ्यात आपल्याच हनुवटीचं हाड कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमची छोटी पट्टी नि स्क्रू लावून पक्कं करतात. हाडाचं काम पूर्ण भूल देऊन करतात. काप बहुतेक वेळा ओठाच्या आतून घेतात, म्हणून बाहेर व्रण दिसत नाही. हाडाची वाढ पूर्ण व्हावी लागते, त्यामुळे अठरा वर्षांच्या आत हे सहसा करत नाहीत.

आता नंतरचं ऐका, कारण ते फोटोत दिसत नाही. पहिले काही दिवस तोंड चांगलंच सुजतं, काळं-निळं होतं. जेवण म्हणजे पेज, वरणाचं पाणी, ताक, मऊ भात. भाकरी लगेच चावता येत नाही. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरून तोंड स्वच्छ ठेवावं लागतं. झोपताना डोकं उंच ठेवायचं. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, पण खरा आकार दिसायला काही महिने लागतात. हंडे उचलणं, खुरपणी, ओझी वाहणं महिनाभर तरी बंद. तेव्हा घरातलं काम कोण करणार, हे आधी ठरवायला हवं.

आणि धोका? हनुवटीजवळून एक नस जाते. ती खालच्या ओठाला संवेदना देते. ऑपरेशननंतर ओठ आणि हनुवटी बधिर होते. चहा गरम आहे की गार, ते ओठाला कळत नाही. बहुतेकींचं हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरं होतं, पण काहींचा थोडा बधिरपणा कायमचा राहतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो. बसवलेला तुकडा सरकू शकतो, कधी काढावाही लागतो. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असं नाही. ताप आला, पू आला, रक्त थांबेना किंवा सूज उतरायची सोडून वाढायला लागली, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पार्लरमधल्या इंजेक्शनाबद्दल तर डॉक्टरांनी हात जोडले. ते फिलर असतं, काही महिन्यांनी विरघळतं. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडून मरते, कधी नजरही जाते. हे काम शिकलेल्या डॉक्टरचं आहे, पार्लरचं नाही.

आता खरी गोष्ट. डॉक्टरांनी मुलीला दोन प्रश्न विचारले. "चावताना दात एकमेकांवर नीट बसतात का? आणि लहानपणी हनुवटीवर पडली होतीस का?" मावशी एकदम म्हणाल्या, "हो. सहा वर्षांची असताना ओट्यावरून पडली होती. चार टाके पडले होते." डॉक्टर म्हणाले, हनुवटीला बसलेला मार कधी कधी कानाजवळच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत जातो. लहान वयात तो सांधा मोडला आणि लक्षात आलं नाही, तर खालच्या जबड्याची वाढ खुंटू शकते. एक्स-रे काढला. तिचा अख्खा खालचा जबडाच लहान राहिला होता. पुढच्या दातांनी तिला काही तोडता येत नव्हतं, पण ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नुसती हनुवटी पुढे आणली असती तर चेहरा थोडा बदलला असता, पण चावण्याचा त्रास तसाच राहिला असता. तिला आधी दातांना तारा आणि मग जबड्याचं ऑपरेशन, असा लांबचा रस्ता सांगितला.

आयांनो, एवढं पक्कं लक्षात ठेवा. लेकरू हनुवटीवर आपटलं तर टाके घालून निवांत होऊ नका. तोंड पूर्ण उघडत नसेल, कानापुढे दुखत असेल, दात पहिल्यासारखे जुळत नसतील, तर जबड्याच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

ज्या कुणाच्या मनात असं ऑपरेशन असेल, तिनं काय विचारायचं? डॉक्टरांचं शिक्षण विचारा. प्लास्टिक सर्जन किंवा जबड्याचे सर्जन हवेत, त्यांची नोंदणी हवी. अशी किती ऑपरेशनं केलीत, माझा दोष फक्त हनुवटीचा आहे की जबड्याचा, बिघडलं तर परत खर्च कुणाचा, हे विचारा. लाजू नका. आपलं सगळं खरं सांगा. चालू गोळ्या, ॲनिमिया, शुगर, बीपी सांगा. आणि मिश्री, तंबाखू लपवू नका. त्यानं जखम भरत नाही, म्हणून ती आधीपासून बंद करावी लागते.

पैशाचंही बोलू. खासगी दवाखान्यात हा खर्च सहज लाखाच्या घरात जातो. नुसत्या दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला सरकारी योजनेचे किंवा विम्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. पण जबड्याचा आजार, अपघात, तोंड न उघडणं ही वेगळी बाब आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटून चौकशी करा.

आमच्या गटानं काय केलं? पुढच्या बैठकीत मुलगी स्वतः उभी राहिली आणि खरं कारण सांगितलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. मग अध्यक्ष काकू म्हणाल्या, "ट्रॅक्टरच्या हप्त्याला पैसे देताना आपण नवऱ्याचं तोंड पाहतो का? मग हिचंच का?" चाळीस हजारांचा अर्ज मागे घेतला. तपासण्या आणि प्रवासासाठी पाच हजारांचा ठराव झाला, वहीत खरं कारण लिहून. खोटं कारण लिहून घेतलेल्या कर्जात पुढे अडचण आली तर सांगायची सोय राहत नाही. म्हणून हे महत्त्वाचं.

आता तिच्या दातांना तारा आहेत. ऑपरेशन करायचं की नाही, ते ती पुढच्या वर्षी ठरवणार आहे. मी विचारलं, स्थळांचं काय? म्हणाली, "ताई, मला शेंगा दातानं फोडायच्यात. स्थळाचं नंतर बघू."

शेवटी एक विनंती, सासवांना, मावश्यांना, आत्यांना. मुलगी बघायला जाल तेव्हा तिच्या नाका-हनुवटीवर बोलू नका. आपण चहाचा कप खाली ठेवून विसरतो, पण ती पोर वर्षानुवर्षं विसरत नाही. ऑपरेशन हनुवटी बदलेल, लोकांची जीभ नाही. ती आपली आपणच आवरायची.

तुमचे प्रश्न गटाच्या बैठकीत मांडा, मी येतेच आहे. नमस्कार.